गेम बनवायला सोपं टूल घ्यायचं की थेट कोडिंग शिकायचं? या भांडणाच्या मुळाशी आहे आइन्स्टाईनचा असिस्टंट

मोबाईलवर तासन् तास गेम खेळणाऱ्या पोरांना कधी ना कधी वाटतंच की, आपणही एक गेम बनवावा. डोक्यात स्टोरी असते, हिरो असतो, शेवटच्या लेव्हलचा व्हिलनसुद्धा ठरलेला असतो.

पण पुढं गाडी अडते.

यूट्यूब उघडलं की दोन पार्ट्या दिसतात. पहिली पार्टी म्हणते, स्क्रॅच, जीडेव्हलप, कन्स्ट्रक्ट असलं एखादं टूल घे, ठोकळे ओढ, जोड, आठवड्याभरात गेम तयार. दुसरी पार्टी म्हणते, हा सगळा पोरखेळ आहे. खरं काम करायचं असेल तर आधी सी शार्प नाहीतर सी प्लस प्लस शिक, वर्षभर घासून घे, मग गेमचं बघू.

पोरगं दोघांच्या मध्ये अडकतं आणि शेवटी गुमान गेम खेळायला बसतं.

हे भांडण आजचं वाटत असलं तरी ते साठ वर्षं जुनं आहे. त्याच्या केंद्रस्थानी एक गणिताचा प्रोफेसर आहे. हा माणूस आइन्स्टाईनचा असिस्टंट होता, अणुबॉम्बच्या प्रकल्पात राबला होता, पुढं अमेरिकेतल्या एका नामांकित कॉलेजचा अध्यक्ष झाला. आणि याच माणसानं आपल्या कॉलेजच्या टीमनं मॅच मारल्यावर कॉम्प्युटरवर फुटबॉलचा गेम लिहिला होता.

नाव जॉन केमेनी. बेसिक या कॉम्प्युटर भाषेच्या दोन जनकांपैकी एक.

बुडापेस्टहून न्यूयॉर्क

जॉनचा जन्म ३१ मे १९२६ चा, हंगेरीची राजधानी बुडापेस्टमधला. घराणं ज्यू. वडील आयात-निर्यातीच्या धंद्यात होते. हिटलरचं वारं कुठल्या दिशेनं वाहतंय हे त्यांनी वेळेत ओळखलं. १९३८ मध्ये ते एकटेच अमेरिकेला गेले, तिथं जम बसवला आणि १९४० मध्ये बायकापोरांना बोलावून घेतलं.

आजोबांनी मात्र देश सोडायला नकार दिला. ते, जॉनची एक आत्या-मावशीच्या नात्यातली बाई आणि एक काका-मामा, नाझींनी केलेल्या ज्यूंच्या नरसंहारात मारले गेले.

न्यूयॉर्कला पोहोचला तेव्हा जॉन १४ वर्षांचा होता आणि इंग्रजी जेमतेम येत होतं. तीन वर्षांत हा पोरगा जॉर्ज वॉशिंग्टन हायस्कूलमधून पहिल्या नंबरनं बाहेर पडला. तिथून थेट प्रिन्स्टन विद्यापीठ, विषय गणित आणि तत्त्वज्ञान.

पदवी पूर्ण व्हायच्या आतच सैन्यानं बोलावलं आणि पाठवलं लॉस अलामोसला, अणुबॉम्ब बनवणाऱ्या मॅनहॅटन प्रोजेक्टवर. तिथं त्याचा साहेब होता रिचर्ड फाइनमन, ज्यांना पुढं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

काम काय होतं? तर आकडेमोड. आयबीएमची १७ मशिन्स होती, मूळची हिशेबाच्या कामाची. छिद्रं पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे एका मशिनमधून काढायचे, दुसऱ्यात घालायचे. पाळ्या लावून हे काम आठवड्यातले ६ दिवस, २४ तास चालायचं. एवढं करून एका समीकरणाचं उत्तर यायला दोन-तीन आठवडे लागायचे.

पुढं केमेनी हा हिशेब आवर्जून सांगायचे. लॉस अलामोसला त्या टीमनं वर्षभरात जेवढी आकडेमोड केली, तेवढी १९७० च्या आसपास त्यांच्या कॉलेजातला एक विद्यार्थी एका दुपारी करू शकत होता. तेही बाकीची पोरं तेच मशिन वापरत असताना.

लॉस अलामोसलाच त्यांनी जॉन फॉन नॉयमान यांचं भाषण ऐकलं. हे गृहस्थही मूळचे बुडापेस्टचेच. येत्या काळात संपूर्ण इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर कसा असेल हे ते सांगत होते. अशा मशिनवर आपल्याला कधी हात लावायला मिळेल का, हा प्रश्न केमेनींच्या डोक्यात तेव्हापासून बसला.

युद्ध संपलं, केमेनी प्रिन्स्टनला परतले आणि १९४९ मध्ये गणितात पीएचडी झाले. त्याच काळात वर्षभर त्यांनी अल्बर्ट आइन्स्टाईन यांचे गणिती सहाय्यक म्हणून काम केलं. भौतिकशास्त्रात आइन्स्टाईनना कुणाची गरज नव्हती, पण लांबलचक गणितं तपासून घ्यायला त्यांना खरंच जोडीदार लागायचा.

एक तास विरुद्ध पाच मिनिटं

१९५३ मध्ये केमेनी डार्टमथ कॉलेजात आले. हे कॉलेज अमेरिकेच्या न्यू हॅम्पशायर राज्यात, हॅनोवर नावाच्या छोट्या गावात आहे. दोनच वर्षांत ते गणित विभागाचे प्रमुख झाले. मग त्यांनी प्रिन्स्टनचाच एक गडी विभागात आणला, थॉमस कर्ट्झ.

अडचण अशी होती की, डार्टमथकडं तेव्हा कॉम्प्युटरच नव्हता. जवळचं मशिन होतं एमआयटीमध्ये, सुमारे २०० किलोमीटरवर. कर्ट्झ कार्डांची पेटी घेऊन दर दोन आठवड्यांनी रेल्वेनं तिकडं जायचे. प्रोग्राम चालवायचे, चूक निघाली की परत यायचे आणि दुरुस्त करून पुढच्या खेपेला घेऊन जायचे.

इथं एक किस्सा घडला. आजच्या टूल-विरुद्ध-कोडिंग वादाचं सगळं सार त्यात आहे.

तेव्हा प्रोग्राम लिहायचे दोन मार्ग होते. एक म्हणजे मशिनच्या जवळची अवघड भाषा, तिला असेम्ब्ली म्हणतात. दुसरा म्हणजे नवीन आलेली, त्यामानानं सोपी फोरट्रान. जाणकार सांगायचे की, फोरट्रान हे आळशी लोकांचं काम आहे, मशिनचा महागडा वेळ वाया जातो, खरा प्रोग्रामर असेम्ब्लीत लिहितो.

कर्ट्झनी जाणकारांचं ऐकलं. एक प्रोग्राम अवघड मार्गानं लिहायला घेतला. चुका शोधण्यात काही महिने गेले, मशिनचा तासभर वेळ खर्च झाला, तरी उत्तर आलं नाही. शेवटी वैतागून तोच प्रोग्राम त्यांनी फोरट्रानमध्ये लिहिला. मशिनची पाच मिनिटं लागली आणि उत्तर हातात आलं.

जाणकारांच्या हिशेबात मशिनचा वेळ धरलेला होता. माणसाचे महिने कुणी धरलेच नव्हते.

केमेनी आणि कर्ट्झ यांच्या पुढच्या सगळ्या कामाचा पाया या एका अनुभवात आहे.

बाकीच्या ७५ टक्क्यांचं काय?

१९५९ मध्ये डार्टमथला एक छोटा कॉम्प्युटर मिळाला, एलजीपी-३०. पदवीच्या पोरांना तो मोकळा सोडला, तर पोरांनी त्यावर एका प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर लिहून दाखवला. म्हणजे आपण लिहिलेल्या सूचना मशिनला कळतील अशा रूपात बदलणारा प्रोग्राम. दोघा प्रोफेसरांना खात्री पटली की पोरं हे करू शकतात, फक्त त्यांना मशिन हाताळायला मिळालं पाहिजे.

पण केमेनींची नजर वेगळ्याच पोरांवर होती. डार्टमथमध्ये विज्ञान शिकणारे साधारण २५ टक्के. उरलेले ७५ टक्के इतिहास, अर्थशास्त्र, साहित्य, राज्यशास्त्र वगैरे शिकायचे. उद्या कंपन्यांचे मालक, वकील, मंत्री, अधिकारी यांतूनच होणार होते. कॉम्प्युटर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही, तेच लोक कॉम्प्युटरबद्दलचे मोठे निर्णय घेणार होते.

केमेनींना हे धोक्याचं वाटत होतं. त्यामुळं त्यांनी ठरवलं की कॉलेजातल्या प्रत्येक पोराला प्रोग्राम लिहिता आला पाहिजे.

यासाठी दोन गोष्टी लागणार होत्या.

पहिली, एकच कॉम्प्युटर एका वेळी अनेकांना वापरता आला पाहिजे. याला टाइम-शेअरिंग म्हणतात. पंगतीत वाढपी एकच असला आणि तो भरभर फिरत राहिला, तर प्रत्येकाला वाटतं की त्याचं लक्ष आपल्याच पानाकडं आहे. तसंच हे. मशिन एकाचं थोडं काम करतं, मग दुसऱ्याचं, मग तिसऱ्याचं. वेग इतका की प्रत्येकाला वाटतं मशिन आपलंच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे भाषा. फोरट्रान असेम्ब्लीपेक्षा सोपी असली तरी इतिहासाच्या पोराला ती झेपणार नव्हती. साधं उदाहरण बघा. फोरट्रानमध्ये पूर्णांक वेगळे आणि दशांश वेगळे. पूर्णांक म्हणून ७ ला २ नं भागलं तर उत्तर यायचं ३. नवख्या माणसाला वाटायचं मशिन खुळं झालं.

केमेनी म्हणाले ही भानगडच नको. नव्या भाषेत संख्या म्हणजे संख्या, ७ भागिले २ म्हणजे साडेतीन. एखादी गोष्ट १ ते १० पर्यंत दोन-दोनच्या उडीनं करायची असेल, तर इंग्रजीत बोलतो तसंच लिहायचं, फॉर आय बरोबर १ टू १०, स्टेप २. काम सुरू करताना हॅलो टाइप करायचं, निघताना गुडबाय. प्रोग्राम चालवायचा तर रन.

या भाषेचं नाव ठेवलं बेसिक. इंग्रजीतल्या पूर्ण नावाचा अर्थ साधारण असा होतो की, नवशिक्यांसाठी कुठल्याही कामाला चालणारी सांकेतिक सूचनांची पद्धत. म्हणजे हे नवशिक्यांचं टूल आहे हे त्यांनी नावातच सांगून टाकलं होतं.

सरकारी विज्ञान संस्थेकडून ३ लाख डॉलरचं अनुदान मिळालं. कंपायलर केमेनींनी स्वतः लिहायला घेतला. टाइम-शेअरिंगचं काम मात्र पदवीच्या पोरांवर सोपवलं, त्यात जॉन मॅकगेची आणि माइक बुश ही दोन नावं महत्त्वाची. अनुदानाचा प्रस्ताव तपासणाऱ्या तज्ज्ञांना शंका होती की एवढं मोठं काम पोरांना जमेल का. पोरांनी रात्रीचा दिवस करून ते जमवलं.

१ मे १९६४, पहाटेचे ४ वाजलेले. कॉलेज हॉलच्या तळघरात दोन टर्मिनलवरून एकाच वेळी रन टाइप केलं गेलं. दोन्हीकडं बरोबर उत्तर आलं.

बेसिक जन्माला आली होती.

प्रोफेसरसाहेब गेम लिहितात

डार्टमथमध्ये कॉम्प्युटर वापरायला विद्यार्थ्यांना पैसे पडत नव्हते. बाकी ठिकाणी मशिनच्या मिनिटा-मिनिटाचा हिशेब लागायचा. केमेनींचं म्हणणं होतं की, लायब्ररीत पुस्तक चाळायला कुणी पैसे मागत नाही, मग इथं कशाला?

गणिताच्या वर्गात दोन लेक्चरमध्ये बेसिक समजावून सांगायचे आणि पोरांना टर्मिनलवर पाठवायचे. १९६८ पर्यंत कॉलेजातल्या ८० टक्क्यांच्या आसपास पोरांना प्रोग्राम लिहिता येऊ लागला होता.

फुकट मशिन, तरुण पोरं आणि सोपी भाषा एकत्र आल्यावर जे व्हायचं तेच झालं. पोरं गेम लिहू लागली.

दुसऱ्या कुठल्या कॉलेजात यावर बंदी आली असती. इथं विभागप्रमुखच पुढं होते. नोव्हेंबर १९६५ मध्ये डार्टमथच्या फुटबॉल टीमनं प्रिन्स्टनला हरवलं आणि त्या विजयाच्या धुंदीत केमेनींनी फुटबॉलचा गेम लिहिला. ज्या प्रिन्स्टननं त्यांना घडवलं तीच टीम हरली होती, पण साहेब आता पक्के डार्टमथकर झाले होते.

या गेममध्ये चित्रं नव्हती. टर्मिनल म्हणजे कागदावर छापणारा टाइपरायटर. मशिन विचारायचं, आता कुठली चाल? साधी धाव, फसवी धाव, छोटा पास, लांब पास, किक, असे क्रमांक दिलेले असायचे. तुम्ही एक आकडा टाइप करायचा. मशिन आतल्या आत नशिबाचा एक आकडा काढायचं आणि चाल किती यार्ड पुढं गेली ते छापायचं.

केमेनींच्या मते गेम म्हणजे वेळेची नासाडी नव्हती. कॉम्प्युटरला घाबरणारा माणूस गेम खेळता खेळता मशिनला सरावतो आणि त्याची भीती जाते, असं त्यांना वाटायचं.

पण खरी गंमत पुढं आहे. बेसिकमध्ये लिस्ट नावाची एक आज्ञा होती. ती टाइप केली की समोरच्या प्रोग्रामच्या सगळ्या ओळी कागदावर छापून यायच्या. म्हणजे गेम खेळणाऱ्याला हा गेम आतून कसा चालतो, हे त्याच जागी बघता यायचं. एखादी ओळ बदलायची, पुन्हा रन करायचं. मगाशी खेळणारा पोरगा आता गेम बनवणारा झालेला असायचा.

यात प्रोग्रामिंग कितपत आहे, असा प्रश्न पडू शकतो. एक सोपा गेम घ्या. मशिन १ ते १०० मधला एक आकडा मनात धरतं, तुम्ही ओळखायचा. यासाठी मशिननं धरलेला आकडा कुठंतरी जपून ठेवावा लागतो. खेळणाऱ्याचा आकडा विचारावा लागतो. दोन्हींची तुलना करून मोठा, छोटा की बरोबर हे सांगावं लागतं. बरोबर येईपर्यंत पुन्हा विचारत राहावं लागतं.

झालं. माहिती साठवणं, अट तपासणं, तेच काम पुन्हा पुन्हा करणं. हाच गेम आज सी शार्पमध्ये लिहा नाहीतर स्क्रॅचचे रंगीत ठोकळे जोडून बनवा, डोक्याला करावा लागणारा विचार अगदी तोच आहे.

बेसिक शिकलेल्या पोरांनी काय केलं?

१९६८ मध्ये सिएटलच्या लेकसाइड शाळेत एक टर्मिनल आलं, फोनच्या तारेनं दूरच्या कॉम्प्युटरला जोडलेलं. तिथल्या एका १३ वर्षांच्या पोरानं बेसिकमध्ये पहिला प्रोग्राम लिहिला, फुली-गोळ्याचा गेम. पोराचं नाव बिल गेट्स.

सात वर्षांनी याच पोरानं मित्र पॉल ॲलनसोबत अल्टेअर नावाच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी बेसिक तयार केली. मायक्रोसॉफ्टचा हा पहिला माल. आणि हे काम करायला त्यांना उतरावं लागलं असेम्ब्लीमध्ये, त्याच अवघड भाषेत जिनं कर्ट्झना दमवलं होतं. सुरुवात सोप्या टूलनं झाली होती. गरज पडली तेव्हा अवघड रस्ताही त्यांनी धरला.

ॲपलच्या स्टीव्ह वॉझनियाकचं तर अजून भारी. बेसिकवर गेम चालतात म्हणून त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरसाठी बेसिक लिहिली. पुढं ॲपल टू या मशिनवर त्यांनी ब्रेकआउट हा विटा फोडायचा गेम बेसिकमध्ये चालवून दाखवला.

१९७३ मध्ये डेव्हिड आल यांनी बेसिकमधल्या १०१ गेमचं पुस्तक काढलं. पुस्तकात गेमच्या ओळी छापलेल्या असायच्या, वाचकानं त्या बघून टाइप करायच्या. १९७८ मध्ये त्याची घरगुती कॉम्प्युटरसाठीची आवृत्ती आली आणि कॉम्प्युटर या विषयावरचं १० लाख प्रती खपलेलं ते पहिलं पुस्तक ठरलं.

भारतातही बेसिक याच वाटेनं आली. १९८४ मध्ये सरकारच्या 'क्लास' योजनेत शाळांना बीबीसी मायक्रो कॉम्प्युटर मिळाले, त्यात बेसिकच होती. नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला गेलेल्यांना जीडब्ल्यू-बेसिक आणि क्यूबेसिक आठवत असेल. क्यूबेसिकसोबत गोरिलांचा एक गेम यायचा, इमारतींवर उभे राहून एकमेकांना केळी फेकून मारायचा. त्याची फाइल उघडली की सगळ्या ओळी समोर यायच्या. डार्टमथच्या तळघरातली लिस्टवाली आयडिया तीस वर्षांनी इथल्या लॅबपर्यंत पोहोचली होती.

मग शिव्या पण बसल्या

बेसिक पसरली तशी टीकाही सुरू झाली. सगळ्यात कडक टीका केली नेदरलँड्सच्या एड्सगर डायक्स्ट्रा यांनी. कॉम्प्युटर शास्त्रातलं हे फार मोठं नाव. १९७५ मध्ये त्यांनी लिहिलं त्याचा आशय असा होता की, जे विद्यार्थी आधी बेसिक शिकून येतात त्यांना चांगलं प्रोग्रामिंग शिकवणं जवळपास अशक्य असतं, त्यांचं डोकं कायमचं बिघडलेलं असतं.

भाषा टोकाची होती, पण मुद्दा खोटा नव्हता. बेसिकमध्ये गोटू नावाची आज्ञा होती. ती वापरून प्रोग्राममध्ये कुठूनही कुठंही उडी मारता यायची. दहा-वीस ओळींत ते खपून जातं. हजार ओळी झाल्या की सगळ्या उड्यांचा गुंता होतो आणि लिहिणाऱ्यालाच आपला प्रोग्राम कळेनासा होतो.

केमेनी तेव्हा वेगळ्याच कामात होते. १९७० ते १९८१ ते डार्टमथचे अध्यक्ष होते. त्यांच्याच काळात, १९७२ मध्ये, दोनशे वर्षं फक्त मुलांचं असलेलं हे कॉलेज मुलींसाठी उघडलं. एवढा व्याप सांभाळून त्यांनी वर्षाला दोन वर्ग शिकवणं सोडलं नाही.

१९७९ मध्ये थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी चौकशी आयोग नेमला आणि अध्यक्ष केलं केमेनींना. आयोगाचा निष्कर्ष महत्त्वाचा होता. यंत्र बिघडलं होतं हे खरं, पण खरा घोळ माणसांच्या बाजूला होता. सुरुवातीच्या काही मिनिटांतच शंभरहून जास्त धोक्याचे इशारे एकदम वाजू लागले, त्यातला महत्त्वाचा कुठला हे कळायला सोय नव्हती आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण तोकडं होतं.

यंत्र आतून काय करतंय हे ते चालवणाऱ्या माणसाला कळलं पाहिजे. पंधरा वर्षांपूर्वी कॉलेजच्या तळघरात केमेनींनी ज्यासाठी धडपड केली होती, तोच प्रश्न इथं जिवावर बेतला होता.

केमेनी स्वतःच दुरुस्तीला बसले

अध्यक्षपद सोडल्यावर केमेनींनी बाजारात काय चाललंय ते बघितलं. घराघरांतल्या कॉम्प्युटरवर बेसिक होती, पण वीस वर्षांपूर्वीच्या वळणाची आणि अजून कापलेली. छोट्या मशिनच्या तुटपुंज्या मेमरीत बसवण्यासाठी प्रत्येक कंपनीनं तिचे हातपाय छाटले होते. डार्टमथची मूळ बेसिक तोपर्यंत बरीच पुढं गेली होती. तिच्यात गोटूशिवाय नीट रचलेले मोठे प्रोग्राम लिहिता येत होते.

केमेनी आणि कर्ट्झ यांनी बाजारातल्या या अवतारांना रस्त्यावरची बेसिक असं नाव ठेवलं. १९८३ मध्ये त्यांनी कंपनी काढली आणि ट्रू बेसिक बाजारात आणली. ओळींना क्रमांक द्यायची सक्ती गेली, प्रोग्रामचे स्वच्छ तुकडे पाडायची सोय आली. डायक्स्ट्रा यांची जी तक्रार होती तिच्यावर हे चोख उत्तर होतं. पण लोकांना कॉम्प्युटरसोबत एक बेसिक आयती मिळत होती, त्यामुळं वेगळी विकत घेणारे फार निघाले नाहीत.

२६ डिसेंबर १९९२ रोजी वयाच्या ६६ व्या वर्षी केमेनी गेले. त्यांचे जोडीदार कर्ट्झ २०२४ पर्यंत जगले.

मग गेम बनवायला काय घ्यायचं?

केमेनींच्या आयुष्यातून या प्रश्नाचं बऱ्यापैकी सरळ उत्तर निघतं.

पहिली गोष्ट, सोपं टूल म्हणजे कमीपणा नाही. कर्ट्झचे काही महिने आणि पाच मिनिटं आठवा. ज्याला अजून एकही गेम पूर्ण करता आलेला नाही, त्यानं आधी वर्षभर भाषेचे नियम घोकायचं ठरवलं तर तो बहुतेक मध्येच सोडून देईल. छोटा का होईना, एक गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण झाला पाहिजे.

दुसरी गोष्ट, टूल निवडताना लिस्टवाली कसोटी लावा. या टूलमध्ये गेम आतून कसा चालतो ते दिसतं का? नियम तुम्ही ठरवताय की तयार साच्यात फक्त चित्रं बदलताय? स्क्रॅचमध्ये दुसऱ्यानं बनवलेला प्रोजेक्ट आतून उघडून बघता येतो, बदलता येतो. जीडेव्हलपमध्ये अमुक घडलं तर तमुक कर, असे नियम स्वतः मांडावे लागतात. हे सगळं प्रोग्रामिंगच आहे, फक्त टाइपिंग कमी आहे. नुसतं नाव आणि फोटो बदलून गेम तयार करून देणारं ॲप मात्र यात बसत नाही, कारण त्यात शिकण्यासारखं काही उरत नाही.

तिसरी गोष्ट, टूलची भिंत कधी लागते ते ओळखा. डोक्यातली एखादी गोष्ट टूलमध्ये करताच येत नाही, किंवा ठोकळ्यांचा एवढा गुंता झालाय की आपणच बनवलेलं आपल्याला कळत नाही, तेव्हा कोडिंगकडं वळायची वेळ आली असं समजावं. काही टूलमध्ये ही शिडी आतच असते. गेममेकर हे टूल १९९९ मध्ये मार्क ओव्हरमार्स या डच प्रोफेसरांनी आणलं. त्यात ओढा-जोडा प्रकारही आहे आणि स्वतःची भाषाही. अंडरटेल हा जगभर गाजलेला गेम त्यातच बनला.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे डायक्स्ट्रांचं म्हणणं अर्धं तरी ऐका. पहिल्या टूलच्या सवयी अंगात मुरतात. भाषा घडवणाऱ्यांनाच वीस वर्षांनी ती दुरुस्त करायला बसावं लागलं, तर शिकणाऱ्यानंही एकाच टूलला आयुष्यभर चिकटून बसू नये.

डार्टमथमध्ये बेसिक शिकलेली बहुतेक पोरं पुढं प्रोग्रामर झाली नाहीत. कुणी वकील झालं, कुणी धंद्यात गेलं, कुणी सरकारात. केमेनींना तेच हवं होतं. आज गेम बनवायला बसलेलं प्रत्येक पोरगं गेम कंपनीत जाईलच असं नाही. पण स्वतः मांडलेल्या नियमांवर मशिन चालताना ज्यानं एकदा बघितलं, तो पुढं कुठल्याही कॉम्प्युटरसमोर नुसता बघ्या म्हणून बसत नाही.